तीनदा ‘होता’

पोलिसांची गाडी शाळेच्या आवारात शिरली तेव्हा मी नववीच्या वर्गात समास शिकवत होतो. हवालदार दारात उभा राहून म्हणाला, "सर, साहेबांनी बोलवलंय. बंदरावर. माईकवर बोलायचंय." मुख्याध्यापक त्याच्या मागेच होते. त्यांनी नुसती मान हलवली. मी खडूचे हात रुमालाला पुसत गाडीत जाऊन बसलो.

काय झालं होतं ते सकाळपासून सगळ्यांनाच माहीत होतं. उजाडता उजाडता आमच्या गावची एक लहान होडी खाडीपलीकडच्या गावातल्या मोठ्या बोटीखाली आली होती. होडीवर दोघं होते. एकाला त्या बोटीवाल्यांनीच पाण्यातून ओढून काढलं. त्याच्या डोक्याला मार लागला होता आणि त्याला बेशुद्धच अलिबागला नेलं होतं. दुसरा, म्हणजे होडीचा मालक, सापडला नव्हता; गावच्या काही बोटी त्याला शोधायला गेल्या होत्या. मोठ्या बोटीचा तांडेल, म्हणजे बोट चालवणारा मुख्य माणूस, तसाच आपल्या गावाकडे निघून गेला असता तर कुणाच्या हाती लागला नसता. पण जखमी माणसाला लवकर दवाखाना मिळावा म्हणून त्यानं बोट सरळ आमच्या धक्क्याला लावली. आता तो आणि त्याचे चार खलाशी मच्छीमार सोसायटीच्या खोलीत आतून कडी लावून बसले होते, आणि बाहेर आमचं सगळं गाव उभं होतं.

मी या गावचा नाही. माझं घर समुद्रापासून आत, डोंगराच्या पायथ्याला, भातशेतीतलं. मला पोहता येत नाही. पण मुरुडच्या वाटेवरच्या या किनाऱ्यावर बावीस वर्षं मराठी शिकवतोय, आणि तेवढीच वर्षं गावातलं प्रत्येक भाषण माझ्याकडे येतंय. स्वागत, निरोप, बक्षीस समारंभ. सगळ्यांत जास्त शोकसभा. वक्तृत्व स्पर्धेसाठी मुलं तयार करायचो, त्यांनी ढाली आणल्या होत्या. मी त्यांना सांगायचो, गोष्ट तीनदा सांगा, तिसऱ्यांदा आवाज खाली आणा, आणि मग थांबा. मनात तीन मोजा. त्या थांबण्यात माणसं तुमची होतात.

बंदरावर ऑक्टोबरचं ऊन होतं. बर्फाचा टेम्पो मधेच अडकून पडला होता आणि त्याच्याखाली पाण्याचं थारोळं साचलं होतं. ओहोटी लागलेली होती. खाडीच्या तोंडाशी निम्म्या होड्या चिखलात कलंडलेल्या, बाकीच्या धक्क्याच्या टोकाला पाण्यात. सोसायटीच्या ओट्यासमोर तीनचारशे माणसं असतील. सगळ्यांत पुढे बेपत्ता माणसाचा धाकटा भाऊ उभा होता, हातात लोखंडी पहार घेऊन. पाच पोलीस दाराला पाठ लावून उभे होते.

साहेब तरुण होते. शर्ट पाठीला चिकटलेला. त्यांनी मला बाजूला घेतलं. "सर, अलिबागहून जादा माणसं निघालीत. पाऊण तास लागेल. तेवढा वेळ यांना धरून ठेवा."

"काय बोलू?"

"काहीही बोला. पण बोलत राहा."

नवरात्रातले कर्णे अजून खांबांवर बांधलेले होते. कुणीतरी माईक माझ्या हातात दिला. ओट्याच्या चार पायऱ्या चढताना मी पहिलं वाक्य मनात जुळवलं, नेहमी जुळवतो तसं.

"बंधूंनो आणि भगिनींनो, आज आपल्या सगळ्यांच्या काळजात एकच माणूस आहे."

गलका उतरला. पुढची माणसं माझ्याकडे वळली. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. इतकी माणसं, एवढी तापलेली, आणि माझ्या एका वाक्यानं ऐकायला लागली. मी मान जरा वर केली. बोलताना मी समोरच्यांच्या डोक्यावरून पलीकडे बघतो, ही माझी जुनी सवय. माझं तोंड आपोआप एका ओळखीच्या वाटेला लागलं. ती वाट शोकसभांची होती, हे मला तेव्हा कळलं नाही.

"तो हसतमुख होता," मी म्हणालो. "तो कष्टाळू होता. कुणाच्याही अडीअडचणीला धावून जाणारा... होता."

तिसऱ्या ‘होता’ला मी आवाज खाली आणला आणि थांबलो. मनात मोजायला लागलो. एक. दोन.

"होता म्हंजे?" मागून कुणीतरी विचारलं.

दुसरा आवाज आला, "सरांना पोलिसांनी सांगितलंय. गेला तो."

एका बाईनं हंबरडा फोडला. तो ऐकून दुसरीनं. मी "नाही, तसं नाही, अजून काहीच..." असं म्हणायला गेलो, पण कर्ण्यांनी कर्कश शीळ घातली आणि माझे शब्द त्यात बुडाले. भावानं पहार उचलली. पोलीस बाजूला फेकले गेले. दारावर पहिला घाव बसला तेव्हा आतून कुणीतरी ओरडलं. मी माईकमध्ये "शांतता राखा, शांतता राखा" म्हणत राहिलो. ते कुणी ऐकत नव्हतं, आणि ऐकलं असतं तरी त्यातून करण्यासारखं काही निघत नव्हतं. दाराची एक फळी फुटली. आतले पाचही जण अंगाचा जोर लावून दार रेटून धरत होते, ते फटीतून दिसत होतं. मनात एकच गोष्ट येत होती, आता इथं जे होईल ते माझ्या तोंडून सुरू झालेलं असेल.

तेवढ्यात बेपत्ता माणसाची बायको उठली.

ती सकाळपासून धक्क्याच्या उतरणीवर माशांच्या क्रेटवर बसून होती, दोन बायका तिला धरून होत्या. मुरुडच्या बाजारात ती मासळी विकते. तिचा आवाज बाजाराच्या या टोकापासून त्या टोकाला जातो. ती गर्दीतून वर यायला लागली तशी माणसं बाजूला झाली. दीरसुद्धा पहार खाली करून दारापासून हटला, जणू पहिला हक्क तिचा. मलाही वाटलं, ही आता दारावर जाईल.

ती दारावरून पुढे आली आणि माझ्यासमोर उभी राहिली. तिनं माझं मनगट धरलं. हात थंड होता.

"सर, होता नका म्हनू," ती म्हणाली. "हाय म्हना."

ती माझ्याशी बोलत होती, हळू, एवढ्याशा आवाजात. पण माईक माझ्या हातात होता. ते वाक्य चारी कर्ण्यांतून बंदरभर गेलं. बाजारात ओरडणारी ती बाई इतकं हळू बोलते हे कुणी कधी ऐकलं नव्हतं. जे बोलत होते ते गप्प झाले.

ती वाट बघत राहिली.

"म्हना," ती म्हणाली.

"आहे," मी म्हणालो.

"मना नका सांगू. त्यांना सांगा."

"आहे. तो आहे." माझा आवाज फाटला. आयुष्यात मी इतक्या वाईट आवाजात काही बोललो नसेन.

मग तिनं माईक घेतला. तो तिनं हनुवटीच्या खाली, वाकडा धरला. दिराकडे वळून तिनं विचारलं, "भावजी, तुमच्या बोटीत डिझेल किती हाय?"

त्याच्या हातात पहार तशीच होती. छाती भात्यासारखी हलत होती. तो तिच्याकडे बघत राहिला. तिनं प्रश्न पुन्हा विचारला नाही. थांबली. मीसुद्धा मघाशी थांबलो होतो. पण तिला उत्तर हवं होतं म्हणून ती थांबली होती, आणि ते समोरच्याला कळत होतं.

"अर्दी टाकी," तो म्हणाला.

"पुरंल?"

"कुठवर जायाचं त्याच्यावर हाय."

"त्येच इचारायचं हाय. वाईच बाजूला व्हा."

दाराशेजारी गज लावलेली खिडकी होती. ती माईकसकट तिकडे गेली. साहेब "ताई, नको" म्हणाले. तिनं त्यांच्याकडे बघितलंही नाही. गजांपाशी तोंड नेऊन तिनं हाक मारली, "तांडेलदादा."

‘दादा’ या शब्दाला गर्दीतून एक शिवी आली. पण एकच.

खिडकीत तो आला. पन्नाशीचा, दाढीचे पांढरे खुंट, कपडे अंगावरच वाळून मिठानं कडक झालेले. सकाळपासून त्याला आमच्या माणसांनी एकच प्रश्न शंभरदा विचारला होता, का मारलात. आणि दरवेळी त्यानं एकच उत्तर दिलं होतं, त्यांच्या होडीवर दिवा नव्हता. त्या उत्तरानं लोक आणखी पेटत गेले होते.

"दादा, तुमाला तो शेवटचा कुठं दिसला?"

तांडेलला क्षणभर प्रश्न कळलाच नसावा. मग त्याचा चेहरा एकदम सैल पडला. "दिव्याचा बुरूज आन डोंगराची खिंड एका रेघंत येतात ना, तिथनं सरल भायेर," तो म्हणाला. "अकरा वाव पानी हाय तिथं. मी दोर टाकला. त्याच्या हाती न्हाय लागला. दुसरा बुडत व्हता, आदी त्याला घेतला. वलून बगतो तं हा न्हाय."

"पवत व्हता?"

"व्हय. हात मारत व्हता."

"पानी कुठं ओढत व्हतं?"

"भायेर. सुकती लागली व्हती."

हे सगळं माईकवरून लोक ऐकत होते. आमच्या गावात समुद्र न कळणारा माणूस एकच, तो मी. बाकीच्यांच्या डोक्यात ती रेघ, ती खोली आणि ओहोटीचं पाणी लगेच जुळत गेलं. मला ते चेहऱ्यांवर दिसलं. एक म्हातारा नाखवा मोठ्यानं म्हणाला, "आरं, आपल्या बोटी तं उत्तरंला गेल्यात. त्याच्या रोजच्या जाग्यावं. तिकडं कशाला घावतोय तो."

ती ओट्याच्या कडेला आली. तिथून ती जे बोलली ते मला शब्दन् शब्द आठवतं.

"ऐका. उजाडल्यापासून तो पान्यात हाय. चार तास झालं. त्याला पवता येतं, तुमीच शिकवलाय. सुकती आजून दीड तास हाय, मंग पानी फिरंल. नेमकी जागा या दादाला म्हाईत हाय. आपल्याला न्हाय. त्याला मारायचा आसंल तं मारा, मी आडवी येनार न्हाय. पन मंग जागा मी कुनाला इचारू?"

एवढंच. शेवटी तिनं आवाज चढवला नाही, की खाली आणला नाही. शांत राहा म्हणाली नाही. हात जोडले नाहीत. प्रश्न विचारून ती दिराकडे बघत उभी राहिली, आणि माईकची वायर तिच्या पायात अडकली होती ती सोडवायला लागली.

दिरानं पहार भिंतीला टेकवली. "त्याला माज्या बोटीत बसवा," तो म्हणाला.

साहेब तयार होईनात. आतल्या माणसाला अशा लोकांबरोबर समुद्रात पाठवायचं म्हणजे त्यांची नोकरी पणाला होती. ते फोनवर बोलत बोलत दोन चकरा मारून आले. शेवटी दोन पोलिसांना लाइफ जॅकेट घालून बरोबर दिलं. दार उघडलं. तांडेल बाहेर आला तेव्हा माणसांनी वाट दिली, पण ती इतकी अरुंद की त्याचे दोन्ही खांदे लोकांना घासत होते. कुणाचा तरी हात उठेल असं मला पावलोपावली वाटत होतं. तो धक्क्याच्या टोकाला पोचला. मग चिखलातल्या होड्या ढकलायला माणसं धावली. मघाशी दारावर ज्यांचे हात होते त्यांचेच हात आता होड्यांच्या कडांवर होते. आठ बोटी बाहेर पडल्या.

ती माझ्याकडे आली. "सर, तुमी वायरलेसपाशी बसा. जे येल ते माईकवर सांगा. जे येल तेच. तुमचं काय घालू नका."

वायरलेसचा संच त्याच खोलीत होता. फुटलेल्या दारातून मी आत गेलो. गर्दी होड्यांकडे धावली तेव्हाच पोलिसांनी चारही खलाशांना गाडीत घालून नेलं होतं. खुर्च्या पडल्या होत्या. एका हातात वायरलेस, दुसऱ्या हातात माईक घेऊन मी बसलो. तेवढ्यात जादा पोलिसांच्या दोन गाड्या आल्या. उतरणाऱ्यांच्या हातात काठ्या होत्या, आणि समोर लोक जमिनीवर बसलेले. साहेबांनी त्यांना सावलीत उभं केलं.

पहिला निरोप आला, "जाग्यावं पोचलो. शोदतोय."

मी माईक उचलला. "आपले शूर बांधव..." एवढंच बोललो आणि दारात ती उभी दिसली. थांबलो. "जागेवर पोचले. शोधतायत," मी म्हणालो.

त्यानंतर बराच वेळ नुसती खरखर. मधूनच एखादा आवाज दुसऱ्या बोटीला विचारायचा, तुमच्याकडं काय? काय न्हाय. तेवढंही मी सांगत होतो. "काही नाही." शाळेत मी मुलांना ‘काही नाही’ कधी म्हणू देत नसे. एखाद्या गोष्टीचं वर्णन नेहमी भरीव असावं, असं शिकवायचो.

अर्ध्या तासानं दिराचा आवाज आला. "डिझेलचा कॅन घावला. आपल्या होडीचा. मानूस न्हाय."

मी माईक तोंडाशी नेला. ‘माणूस अजून दिसला नाही,’ असं म्हणावं असं फार वाटलं. एक ‘अजून’ घातला तर काय बिघडणार होतं? मी तिच्याकडे बघितलं. तिनं निरोप ऐकला होता, मी काय करतो ते ती बघत होती.

"त्यांच्या होडीचा कॅन सापडला," मी सांगितलं. "माणूस नाही."

बाहेर कुणी ओरडलं नाही. मला वाटतं, तोवर त्यांना कळलं होतं की इथून येणारं प्रत्येक अक्षर पाण्यावरून आलेलं आहे. वाईट असलं तरी त्याच्यावर विश्वास ठेवता येतो. म्हातारा नाखवा बसल्या जागेवरून म्हणाला, "कॅन तिथं हाय म्हंजी पानी तिकडंच ओढतंय. रेघ बरोबर हाय." तेही मी वायरलेसवर कळवलं.

बारा वाजत आले. धक्क्याच्या खांबाजवळ पाणी थबकल्यासारखं दिसत होतं. कुणीतरी म्हणालं, फिरलं. आता ते आत येणार, म्हणजे ओहोटीनं बाहेर नेलेला माणूस कुठे असेल याचा हिशेब पुन्हा मांडायचा. त्याच वेळी वायरलेसमध्ये एकच शब्द आला.

"घावला."

पुढे इंजिनाचा आवाज, मग काहीच नाही.

घावला. म्हणजे सापडला. हरवलेली किल्ली घावते. माणूस घावतो. आणि प्रेतही घावतं. बटण दाबून मी विचारलं, "कसा घावला?" उत्तर नाही. पुन्हा विचारलं. डाव्या हातातला माईक मी मांडीवर उलटा ठेवला.

दारात ती होती. तिनं माझा हात बघितला. "काय आलं?"

तिला काहीतरी दुसरं सांगावं असं त्या क्षणी मला फार वाटलं, आणि काय सांगावं ते सुचलं नाही. "घावला म्हणतात," मी म्हणालो.

"कसा?"

"विचारलंय."

ती उंबऱ्यावर बसली. पदराचं टोक मुठीत घेतलं. बाहेरच्यांना काहीच माहीत नव्हतं. कुणीतरी पाण्याची कळशी फिरवत होतं, तिचा आवाज येत होता. मी तिसऱ्यांदा बटण दाबलं.

मग दीर बोलला. त्याला दम लागला होता. "बोयांना धरून व्हता. जिता हाय. बोलतोय. खांदा उतरलाय."

हे मी माईकवर कुठल्या क्रमानं सांगितलं ते मला आठवत नाही. बहुतेक आधी खांदाच सांगितला. बाहेर सुरुवातीला काहीच झालं नाही, मग सगळ्या बायका एकदम रडायला लागल्या. ती उंबऱ्यावरून उठली, बाहेर गेली आणि ओट्याच्या पायरीवर ओकली.

दिरानं नंतर सांगितलं की आधी तांडेललाच दिसला. बोट निघाल्यापासून तो नाळेवर, बोटीच्या पुढच्या टोकाला, उभा होता, बसायला तयार नव्हता. जाळ्याचे तुटलेले तरंगते बोये लाटेत वरखाली होत होते आणि त्यांच्यात एक डोकं. तांडेलनं नुसता हात केला. दिरानं उडी मारली, आणि मागोमाग तांडेलनंही.

बोट धक्क्याला लागली तेव्हा त्याला चादरीत घालून वर आणलं. ओठ फुटलेले, डोळे मिठानं सुजून मिटल्यासारखे. तिनं त्याच्या हातांची बोटं एकेक करून दाबून बघितली, मग अ‍ॅम्ब्युलन्समध्ये चढली. चढता चढता तांडेलकडे बघून म्हणाली, "यांना कुनी च्या दिलात का?" कुणी दिला नव्हता. मग दिला.

आठवड्यानं मी तिच्या घरी गेलो. नवरा ओटीवर बसला होता, हात गळ्यात. ती बोंबील साफ करत होती. मी म्हणालो, "ताई, मी माफी मागायला आलोय."

"बसा," ती म्हणाली. "तुमी चांगलंच बोलता, सर. माजा सासरा गेला तवा तुमी बोललात, मी लई रडले. पन त्या दिवशी तुमी आमच्याशी बोलत नव्हता."

"मग कुणाशी बोलत होतो?"

"मना काय म्हाईत. वर बगत व्हता तुमी."

नवरा हसला आणि खांदा दुखला म्हणून कळवळला. मी विचारलं, डिझेलचं कसं सुचलं?

तिनं सुरी थांबवली. "त्याच्या हातात पहार व्हती. टाक म्हटलं आसतं तं टाकली आसती का? त्याला दुसरं कायतरी करायला द्यायला पायजे व्हतं." मग पुन्हा बोंबील उचलत म्हणाली, "आन मना खरंच म्हाईत नव्हतं, डिझेल किती हाय ते."

मी तिथून निघालो तेव्हा रस्ताभर या दुसऱ्या वाक्याचाच विचार करत होतो. मी माईकवर कधी कुणाला खरा प्रश्न विचारला होता का? उत्तर मला माहीत नाही असा? एकही आठवला नाही.

पुढच्या महिन्यात जबाब द्यायला पोलीस ठाण्यात बोलावलं. तोच हवालदार लिहीत होता. त्यानं वाचून दाखवलं, ‘सरांच्या भाषणानंतर जमाव आक्रमक झाला.’

"नंतर नको," मी म्हणालो. "मुळे लिहा. भाषणामुळे."

त्यानं पेन खाली ठेवलं. "सर, कशाला? एका खलाशाची दोन बोटं त्या दारात चिरडलीत. त्याचं कलम लागलंय. नंतर म्हटलं की ती नुसती वेळ होते. मुळे म्हटलं की कारण होतं. तुम्ही मराठीचे सर, तुम्हाला मी काय सांगायचं."

बोटांचं मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. दारामागचं ते ओरडणं मी ऐकलं होतं. आत साहेब बसले होते, त्यांनी हे ऐकलं पण मान वर केली नाही. ‘काहीही बोला’ हे त्यांचे शब्द होते, आणि मी ते जबाबात सांगितले नव्हते.

"मुळे," मी म्हणालो. हवालदारानं खोडून वर लिहिलं, मी शेजारी सही केली. त्याचं पुढे काय व्हायचं ते झालं. शाळेनं खुलासा मागवला. प्रजासत्ताक दिनाचं सूत्रसंचालन दुसऱ्या शिक्षकांकडे गेलं. त्यांनी ते कागदावरून वाचलं आणि बरं झालं.

त्या दिवशी ठाण्याबाहेर बाकावर एक माणूस बसला होता, चाळिशीचा, उजव्या हाताला पट्टी. मी "जरा सरकता का?" म्हणालो तसं त्यानं दचकून वर बघितलं.

"तुमी ते माईकवालं सर का?"

"हो."

त्यानं मला कधी पाहिलं नव्हतं. दाराच्या आतून फक्त आवाज ऐकला होता. तो सरकला. मी बसलो आणि आत काय लिहून आलो ते त्याला सांगितलं.

"तसं लिवून माजी बोटं येनार हायत का?"

"नाही."

"मंग?"

आम्ही दोघं रस्त्याकडे बघत बसलो. एक एसटी आली, माणसं उतरली, गेली. मग तो म्हणाला, "आता माजा जबाब घेतील. मना वाचता येत न्हाय धड. ते काय लिवतात ते बगाल का? मी जे सांगीन तेच लिवलंय का, एवढंच बगा."

त्याचं नाव पुकारलं तेव्हा मी त्याच्यासोबत पुन्हा आत गेलो. हवालदारानं माझ्याकडे बघून एक खुर्ची पुढे सरकवली. खलाशी बोलत गेला, हवालदार लिहीत गेला. लिहून झाल्यावर मी कागद हातात घेतला आणि त्याला पहिल्या ओळीपासून सावकाश वाचून दाखवायला लागलो. दोन ठिकाणी त्यानं मला थांबवलं. असं न्हाय म्हटलं मी, म्हणाला. ते दोन्ही शब्द आम्ही बदलून घेतले.